सोबतीचा माणूस

आयर्लंडमधून कायमचं परत यायचं ठरवल्यावर नरहर उदगीरकरने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर परत येणं लांबवलं.

चाळीसेक वर्षं तो तिकडे पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात डॉक्टर होता. बायको ब्रिजिट तिकडचीच. ती वारली, मूलबाळ नव्हतं, आणि एका हिवाळ्यात त्याने धाकट्या बहिणीला, विमलला, फोन करून सांगितलं की आता हैदराबादला येतो. विमल बरकतपुऱ्यात एकटीच राहत होती. शाळेतली नोकरी संपलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी हर्षदा तारनाक्याला रेल्वेच्या एका संस्थेत शिकवायची आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायची. विमलने पुढची खोली रिकामी केली, रंग देऊन घेतला, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला. तिकडे नरहरचं घर विकलं गेलं, सामान जहाजाने निघालं. आणि मग तो म्हणाला, “जरा फिरून येतो गं.”

“आता कुठं फिरतोस, दादा?”

“इथंच. इतकी वर्षं राहिलो, पण बघितलं काय? घर आणि दवाखाना. डर्मटही येतो म्हणतोय. आरामात आयर्लंड बघतो, मग वरती नॉर्वेबिर्वे. दिवाळीला तुझ्यापाशी.”

डर्मट हा त्याचा शेजारी. आयुष्यभर शाळेची बस चालवलेला, लग्न न केलेला, लाल गालांचा म्हातारा. ब्रिजिटच्या आजारपणात तो रोज संध्याकाळी येऊन त्यांची शेगडी पेटवून द्यायचा. विमलला त्याने फोनवर कितीदा तरी हात हलवून दाखवला होता.

मे महिन्यात दोघं डर्मटच्या जुन्या गाडीतून निघाले. रविवारी दुपारचा चहा झाला की विमलला फोन यायचा. आज एका बेटावर आहोत, इथले लोक अजून त्यांची जुनी भाषाच बोलतात. आज दिवसभर पाऊस, म्हणून खिडकीत बसून मेंढ्या बघितल्या. इथं दलदलीची माती कापून वाळवतात आणि तीच जाळतात, तिचा वास कपड्यांतून जात नाही. कुठं जायची घाई नव्हती. एखादं गाव आवडलं की आठवडाभर मुक्काम. फोटोही पाठवायचा, पण ते त्याने स्वतःच काढलेले असायचे: अर्धा डर्मट, अर्धं आभाळ आणि कोपऱ्यात नरहरचा अंगठा.

जुलैत फोटो अचानक चांगले यायला लागले. डोनेगलमधल्या एका कड्यावर दोघं म्हातारे मधोमध उभे, मागे समुद्र, चेहऱ्यावर छान उजेड. त्यांच्या पुढ्यातल्या गवतावर तिसऱ्या कुणाची तरी लांब सावली पडली होती.

“हे कोण काढतं रे?” विमलने विचारलं.

“अगं, सांगायचं राहिलंच. आपल्याकडचा एक मुलगा भेटला. सिकंदराबादचा. आम्ही उतरलो होतो त्या गेस्ट हाउसमध्ये कामाला होता. मालकीणबाई नुकत्याच गेल्या, बिचारा रिकामाच झाला. डर्मटला डोळ्यांमुळे गाडी चालवणं जड जातंय, तर हा चालवतो. मराठी बोलतो गं! थांब, देतो.”

फोन हातातून हातात गेला, पण पडद्यावर चेहरा आला नाही. नुसतं आभाळ दिसत राहिलं.

“नमस्कार मावशी. मी सारंग. तुम्ही अजिबात फिकर करू नका.” आवाज मऊ होता, कुठलीच घाई नसलेला. “डॉक्टरसाहेबांची खोली पूर्वेला आहे ना? मग सकाळचं ऊन डोळ्यावर येईल. पडदा जरा जाड लावा.”

विमलला बरं वाटलं. इतक्या लांब आपल्या भावाच्या झोपेची काळजी करणारं कुणी आहे, आणि तेही आपल्या भाषेत. दुसऱ्या दिवशी काचिगुड्याला जाऊन तिने जाड पडदा आणला.

तो सिकंदराबादला कुठं राहायचा, असं पुढच्या वेळी तिने विचारलं. मारेडपल्ली, तो म्हणाला. त्याच्या पुढच्या वेळी बोलताबोलता आई मेट्टुगुड्यात भाड्याने राहायची असं म्हणाला, आणि मग एकदा, आम्ही मूळचे निजामाबादचे. विमलने मनात नोंद घेतली नाही असं नाही. पण माणसं भाड्याची घरं बदलतात, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

हर्षदाने सोडलं नाही. “आई, हा माणूस फोटोत एकदाही कसा नाही? आजकाल कोण स्वतःचा फोटो काढत नाही?”

“लाजाळू असेल.”

“मामाच्या फोनवरून हा मलाच मेसेज करतो. ‘हर्षदाताई, तुमचा संस्थेतला दिवस कसा गेला.’ मी शिकवते हे मामाने सांगितलं असेल, मान्य. पण माझी कॅन्टीनची वेळ त्याला कशाला ठाऊक पाहिजे?”

ऑगस्टमध्ये ते स्कॉटलंडला होते, मग डेन्मार्क, मग जहाजाने नॉर्वे. फोटोंमध्ये डर्मट कडेकडेला सरकायला लागला होता. कधी बाकाच्या टोकाला, कधी पाठ करून. एका रविवारी त्याने अचानक नरहरच्या खांद्यावरून पुढे वाकून फोनमध्ये तोंड घातलं. “मी घरी जातोय,” तो इंग्रजीत सावकाश म्हणाला, विमलला नीट समजावं म्हणून. “तुमच्या भावालाही सांगतोय, चल घरी.” नरहर काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात फोन बंद झाला. थोड्या वेळाने मेसेज आला: डोंगरात रेंज नाही, मावशी. सारंग.

त्यानंतरच्या रविवारी नरहर एका लाकडी घराच्या पायरीवर एकटाच बसलेला दिसला. मागे काळं पाणी, त्यामागे सरळ उभे डोंगर. त्याने दाढी केली नव्हती.

“डर्मट कुठाय?”

नरहरने फोनच्या वरच्या बाजूला, फोन धरणाऱ्याकडे पाहिलं.

“परत गेला,” तो म्हणाला. “तब्येत बरी नव्हती.”

“एकटाच? डोळे असे असताना?”

“बस मिळाली त्यांना, मावशी,” सारंगचा आवाज आला.

त्या महिन्यात नॉर्वेचे दिवस आखडत गेले. रविवारी दुपारी विमलच्या खिडकीत ऊन असायचं, आणि फोनमध्ये नरहर पडदे ओढून दिवा लावलेल्या खोलीत बसलेला असायचा. तो वाळत चालला होता. डोळ्यांखाली सूज, बोलणं अडखळत. आपण कुठं आहोत हे विचारलं तर तो सारंगला विचारायचा. गाव मागे पडत होतं, रस्ता उत्तरेला जात होता, आणि परतीचं कुणी बोलत नव्हतं.

“डॉक्टरसाहेबांना हल्ली विसरायला होतं,” सारंगने विमलला सांगितलं. “वयच आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी आहे ना.”

आणि मग एके दिवशी नरहर बोलताबोलता म्हणाला, “विमल, आईला माझा नमस्कार सांग.”

हर्षदा त्या दिवशी आईकडेच होती. तिने चमकून आईकडे पाहिलं. आजी जाऊन वीस-बावीस वर्षं झाली होती, आणि तिच्या दिवसांना नरहर स्वतः येऊन गेला होता.

विमलने चेहरा हलू दिला नाही. “सांगते,” ती म्हणाली. “आई विचारतेय, तू आलास की काय करून ठेवू?”

नरहरने सरळ तिच्याकडे पाहिलं. कित्येक आठवड्यांत असं पाहिलं नव्हतं. “कारल्याची भाजी,” तो म्हणाला. “मला आवडते ना, ती.”

फोन ठेवल्यावर हर्षदा म्हणाली, “आई, हा डिमेन्शिया आहे. क्लिअर आहे. सारंग खरं बोलतोय.”

“नाही.”

“आजीला नमस्कार सांगतोय तो!”

“हर्षू, ज्या दिवशी घरात कारलं व्हायचं त्या दिवशी तो शेजारच्यांकडे जेवायचा. वडिलांचा मार खाल्ला त्यापायी. माणूस विसरतो तेव्हा आवडीचं नाव विसरेल, नावडीचं गोड करून नाही सांगणार. त्याला सगळं आठवतंय. तो मला सांगतोय की जे दिसतंय ते खरं नाही.”

हर्षदाचा पुरता विश्वास बसला नाही, पण तिने एक केलं. डर्मटच्या गावातल्या चर्चच्या फेसबुक पानावर विचारणा टाकली. दोन दिवसांनी त्याच्या बहिणीचं, नोराचं, उत्तर आलं. डर्मट घरी आलेला नाही. पण त्याचे मेसेज येतात की आपण मजेत आहोत, पुढे फिनलंडला जातोय. फक्त, नोराने लिहिलं होतं, तो मला कधी नावाने हाक मारत नाही, लहानपणचं एक चिडवायचं नाव आहे, ते लिहितो. या मेसेजांत प्रत्येक वेळी ‘प्रिय नोरा’ आहे.

हर्षदाने फोन आईच्या हातात दिला आणि जवळच्या खुर्चीवर बसली.

नोराने तिकडच्या पोलिसांत तक्रार दिली. विमल इकडे ठाण्यावर गेली. तिथल्या अधिकाऱ्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. तो भला माणूस होता. “अम्मा,” तो म्हणाला, “तुमचा भाऊ तिकडचा नागरिक, दर आठवड्याला तुमच्याशी बोलतो, सोबत एक माणूस त्याची सेवा करतो. मी लिहू काय?” घरी येऊन ती कुलूप उघडत होती तेवढ्यात मेसेज आला.

आम्ही येतोय, मावशी. तिकिटं झाली. भाऊबीज तुमच्याकडेच.

“येऊ देऊ नकोस त्याला,” हर्षदा म्हणाली. “मामाला एकट्याला पाठव म्हणून सांग.”

“आणि तो नाही म्हणाला तर? तिकडच्या अंधारात मी काय करणार?” विमल म्हणाली. “एकदा माझ्या दारात येऊ दे दादाला. पुढचं पुढं.”

ते आले. शमशाबादच्या विमानतळावरून टॅक्सीने, भर दुपारी. सारंग पस्तिशीचा असेल. विमलने मनात काहीतरी भयंकर रंगवून ठेवलं होतं, आणि समोर आला तो साधा, नीटनेटका, डोळे खाली ठेवून बोलणारा माणूस. तिच्या पाया पडला. चपला ओळीत लावल्या. नरहरला कोपराला धरून आत नेलं आणि त्याच्या खोलीचा दिवा लावला. बटण दाराच्या आत, कपाटाआड होतं. नवीन माणसाला ते सापडत नसे. त्याला शोधावं लागलं नाही.

“डॉक्टरसाहेबांनी घर इतकं सांगितलंय,” तो हसून म्हणाला, “मला वाटतं मीच इथं वाढलो.”

सारंगने नरहरच्या खोलीतच खाली गादी घातली. नरहरच्या गोळ्या त्याच्याकडे, चष्मा त्याच्याकडे, फोन त्याच्याकडे. नरहर ताटावर बसला की आधी त्याच्याकडे बघायचा आणि मग घास घ्यायचा. विमल काही विचारायला गेली की सारंग जवळ यायचा, रागाने नव्हे, जवळ येऊन नुसता उभा राहायचा. दुपारी ती पाणी प्यायला उठली, तर तो स्वयंपाकघरात भांडी पुसत होता. तिची भांडी, जिथल्या तिथं लावत होता.

“राहू दे,” ती म्हणाली.

“घरच्या कामाला काय, मावशी,” तो म्हणाला. “मला घर पाहिजेच होतं.”

भाऊबीजेला विमलने पाट मांडला. नरहर बसला. तिने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, तबक उचललं, आणि पाहते तो सारंगने भिंतीला टेकवलेला दुसरा पाट घेऊन नरहरच्या शेजारी मांडला होता. तो मांडी घालून बसला आणि त्याने कपाळ पुढे केलं.

“मला बहीण नाही,” तो म्हणाला.

हर्षदा दारात उभी होती. तिचा हात फोनवर होता. विमलने तिच्याकडे न बघता सारंगला ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात त्याचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा इतका समाधानी की तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

नरहरशी एकट्याने बोलायला मिळत नव्हतं. मग विमलला डोळ्यांचा दवाखाना सुचला. हिमायतनगरला ती स्वतः मोतीबिंदूसाठी जायची, तिथला नियम तिला माहीत होता. नरहरला दिसायला त्रास होतोय, असं तिने जेवताना सहज काढलं. सारंग म्हणाला, चला ना, मीही येतो.

आतल्या खोलीत नाव पुकारलं तेव्हा सारंग उठला.

“पेशंटसोबत एकच,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“मीच असतो त्यांच्यासोबत. औषधं मी देतो.”

“मी त्यांची बहीण आहे,” विमल म्हणाली, आणि मग तेलुगूत पुन्हा तेच. मुलीने सारंगला बोटाने खुर्ची दाखवली. तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग बसला आणि हात मांड्यांवर ठेवले. दार आपोआप बंद झालं.

आत अर्धा अंधार होता. नर्सने नरहरच्या डोळ्यांत औषध घातलं, डोळे मिटून स्वस्थ बसा म्हणाली आणि पडद्यापलीकडे गेली.

“दादा,” विमल हळू म्हणाली. “मी एकटीच आहे. बोल.”

नरहरच्या मिटलेल्या पापण्यांतून पाणी वाहत होतं. ते औषधाचं की कसलं, ते तिला कळलं नाही.

“डर्मटला त्याने मारलं,” तो म्हणाला.

तो थांबत थांबत बोलला. डर्मटचं आणि सारंगचं पटत नव्हतं. डर्मट म्हणायचा, हा मुलगा आपल्याला कुठं घेऊन चाललाय, आपण फिरतोय की फिरवले जातोय? एका बेटावर दोघं कड्यावरच्या वाटेने पुढे गेले, नरहरला चढ झेपेना म्हणून तो खाली थांबला. धुकं आलं. बऱ्याच वेळाने सारंग एकटा परत आला आणि म्हणाला, ते परत गेले, त्यांना बस मिळाली.

“त्या बाजूला रस्ताच नाही, विमल. बस कुठली? मी तसं म्हणालो. तर तो शांतपणे म्हणाला, डॉक्टरसाहेब, त्यांना झोपेच्या गोळ्या तुम्ही देत होता, चौकशी झाली तर चक्कर कशाने आली हे तुम्हालाच विचारतील. त्यानंतर गोळ्या त्याने मला द्यायला सुरुवात केली. सकाळी कुठं जागा झालो तेही कळायचं नाही. नुसतं पुढे, आणखी वर. त्या गेस्ट हाउसच्या बाई कशा गेल्या असतील, हे मला फार उशिरा सुचलं.”

“त्याला पाहिजे काय?”

“काहीच नको. तेच तर. एक पैसा त्याने घेतला नाही. त्याला कुणाच्या तरी सोबत राहायचंय. आणि सोबतीला दुसरं कुणी असलेलं त्याला चालत नाही.” नरहरने चाचपडत तिचा हात धरला. “मी त्याला तुझ्या घरात आणलं. आता तिथं त्याच्या आणि माझ्या मध्ये तू आहेस.”

विमल उठली. पडद्यापलीकडे जाऊन तिने नर्सला तेलुगूत विचारलं, मागून बाहेर जायला वाट आहे का? नर्सने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आतल्या म्हाताऱ्याकडे. तिने पडदा बाजूला केला. चष्म्यांच्या दुकानातून मागच्या गल्लीत एक दार निघत होतं.

तारनाक्याला, हर्षदाकडे जायला रिक्षात बसल्यावर नरहरने डोळ्यांवर हात धरला. औषधाने बाहुल्या मोठ्या झालेल्या, उन्हात त्याला नुसता पांढरा झगझगाट दिसत होता. इतक्या वर्षांनी आपल्या शहरातून तो पहिल्यांदा फिरत होता आणि त्याला एक दुकान, एक पाटी ओळखता येत नव्हती. “कुठं आलो?” तो दर चौकाला विचारत होता, आणि विमल सांगत होती. नल्लाकुंटा. विद्यानगर. आता पूल.

पुलावर फोन वाजला. तिने उचलला.

“मावशी,” सारंग म्हणाला. “डॉक्टरसाहेबांची दुपारच्या गोळीची वेळ झाली.”

“अजून तपासतायत,” विमल म्हणाली. “उशीर लागेल. बसा तुम्ही.”

त्याला रिक्षाचा आवाज ऐकू येत असणार. “बरं,” तो म्हणाला. “सावकाश या.”

हर्षदाने तारनाक्याहून पोलिसांना कळवलं. आता आयर्लंडमधली तक्रार होती आणि नरहरचा जबाब होता. त्याच दिवशी रक्त तपासलं, त्यात झोपेचं औषध निघालं, हत्तीला पुरेल इतकं, असं डॉक्टर म्हणाले. पोलीस दवाखान्यात पोचले तेव्हा खुर्ची रिकामी होती. बरकतपुऱ्यात फ्लॅटला कुलूप होतं, किल्ली वॉचमनकडे. आत सगळं जागच्या जागी. नरहरचे उद्याचे कपडे घडी करून खुर्चीवर ठेवलेले. त्याने काहीही नेलं नव्हतं.

सारंग नावाचा कुणी नव्हता. पासपोर्टवर दुसरं नाव होतं, आणि त्या नावाचा खरा माणूस कधीच वारलेला. नॉर्वेत एका कोळ्याच्या नावेला उन्हाळ्याच्या शेवटी एक प्रेत मिळालं होतं, ते डर्मटचं ठरलं. नोराने फोन केला. ती रडली नाही. नरहरला म्हणाली, तुम्ही वाचलात ते बरं झालं.

नरहर आणि विमल तारनाक्यालाच राहिले. काही दिवसांनी तोच ठाण्यातला अधिकारी लॅपटॉप घेऊन घरी आला. काचिगुडा स्टेशनवरचं चित्रण होतं. फलाटावर गर्दी, आणि त्या गर्दीतून सारंग चाललेला. त्याच्या एका खांद्यावर कुणाची तरी पिशवी आणि दुसऱ्या हाताने त्याने एका म्हाताऱ्याचं कोपर धरलेलं. म्हातारा पांढरी टोपी घातलेला, काहीतरी सांगत होता, आणि सारंग मान वाकवून ऐकत होता.

“हाच का?” अधिकाऱ्याने विचारलं.

नरहरने आधी विमलकडे पाहिलं, बोलू का, असं विचारल्यासारखं. “हौ,” तो म्हणाला. “आणि ते कोण?”

“माहीत नाही अजून.”

हर्षदाने गाडीचं नाव विचारून घेतलं आणि तशीच संस्थेत गेली. रेल्वेतल्या ओळखीच्या लोकांनी त्या डब्यातली आरक्षणं काढली. एकेका नंबरावर फोन करता करता सिकंदराबादची त्रिवेणी नावाची बाई सापडली. तिचे वडील, नामदेवराव, आई गेल्यापासून घरात बसवत नाही म्हणून देवदर्शनाला निघाले होते. “एकटं पाठवायला जीव होत नव्हता,” त्रिवेणी म्हणाली, “पण स्टेशनवरच एक मुलगा भेटला. फार चांगलाय हो. रोज तोच फोन करतो.”

“बाबा बोलतात का?” हर्षदाने विचारलं.

“काल झोपले होते.” पलीकडचा आवाज बदलला. “परवा पण.”

रेल्वे पोलिसांना नामदेवराव परभणी स्टेशनवर एका बाकावर मिळाले. अंगावर शाल नीट पांघरलेली, शेजारी पाण्याची बाटली. डोळे जड, पण शुद्धीवर. पोरगा चहा आणायला गेलाय, ते म्हणाले. पोलिसांनी चहाच्या गाड्यांवर पाहिलं, बाहेरचा रिक्षातळ पाहिला, सुटलेल्या गाडीत पुढच्या स्टेशनला माणसं चढवली. तो सापडला नाही.

जबाबासाठी नामदेवरावांना हैदराबादला आणलं. दोन्ही म्हाताऱ्यांचं म्हणणं जुळवायचं होतं, म्हणून अधिकाऱ्याने त्यांना तारनाक्याला हर्षदाच्या बैठकीत समोरासमोर बसवलं. त्रिवेणी वडिलांच्या खुर्चीमागे उभी होती. विमलने सगळ्यांना चहा दिला.

नामदेवराव चिडले होते. “पोलिसांना बघून भ्यालं असेल पोरगं,” ते म्हणाले. “तुम्ही काय काय सांगता, मला नाही पटत. माझ्या पोटच्या पोराने कधी माझे पाय चेपले नाहीत. त्याने चेपले. मी पाणी मागायच्या आधी पाणी हातात. असा माणूस मिळतो का कुठं? फार जपायचा मला.”

“दादा,” विमल म्हणाली, “सांग ना त्यांना. डर्मटचं सांग.”

नरहरने कप खाली ठेवला. त्याने नामदेवरावांच्या चेहऱ्याकडे, त्या सुजलेल्या डोळ्यांकडे बराच वेळ पाहिलं. त्यालाही पाणी असंच मागायच्या आधी हातात मिळायचं. विमल वाट बघत होती. अधिकाऱ्याने पेन उघडलं.

“हौ,” नरहर म्हणाला. “जपतो तो.”